धातूच्या औषधाची पारख

सुरतेतील पांडेसरा औद्योगिक वसाहतीची ओळख तेथील डाइंग आणि प्रिंटिंगच्या मिलांमुळे झालेली आहे; मागावरून आलेले ‘ग्रे’ कापड धुणे, रंगवणे आणि छापून बाजाराकडे पाठवणे या उद्योगावर धुळे, नंदुरबार आणि जळगाव या खानदेशी जिल्ह्यांतून येऊन स्थिरावलेल्या असंख्य मराठी कुटुंबांचा चरितार्थ चालतो. रंगाच्या या व्यवसायात धातूंचे स्थान जुने आहे. क्रोमियम, कोबाल्ट किंवा तांब्याच्या अणूभोवती रंगद्रव्याचे रेणू बांधून तयार केलेले ‘मेटल कॉम्प्लेक्स’ रंग लोकर आणि नायलॉन यांवर पक्के बसतात आणि धुण्याने सहसा सुटत नाहीत. मध्यभागी धातूचा एक अणू आणि त्याला सर्व बाजूंनी धरून असलेले इतर रेणू किंवा आयन, ज्यांना रसायनशास्त्रात लिगंड म्हणतात, अशा रचनेच्या पदार्थाला धातुसंकुल असे म्हणता येईल. याच प्रकारची रचना कर्करोगावरील औषध म्हणूनही गेली सुमारे पन्नास वर्षे वापरात आहे. सुरतेतील किंवा मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णाला रेडिएशनबरोबर जी किमोची बाटली लावली जाते, तिच्यात पुष्कळदा सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनमचे संकुल असते.

प्लॅटिनमच्या या यशामुळे तांबे, रुथेनियम, सोने, टायटॅनियम, व्हॅनेडियम अशा अनेक धातूंची हजारो संकुले गेल्या अर्धशतकात जगभरच्या प्रयोगशाळांत तयार झाली आणि कर्करोगाच्या पेशींवर तपासली गेली, व त्यांत महाराष्ट्र आणि गुजरातमधील विद्यापीठांचा वाटा लक्षणीय आहे. यांतील एखाद्या संकुलाची बातमी ‘कर्करोगावर गुणकारी’ अशा शीर्षकाने छापून येते, तेव्हा ते संकुल प्लास्टिकच्या खळग्यातील पेशींवर गुणकारी ठरले, उंदरावर ठरले की माणसावर ठरले, हे बहुधा त्या शीर्षकातून कळत नाही, आणि ज्या घरात रुग्ण आहे त्या घराला नेमके तेच कळणे सर्वांत गरजेचे असते.

सिस्प्लॅटिन हे औषध म्हणून शोधले गेले नव्हते. इटालियन रसायनशास्त्रज्ञ मिकेले पेरोने यांनी १८४५ मध्ये त्याची कृती प्रसिद्ध केली. त्याची अवकाशातील रचना कशी असावी याचा उलगडा आल्फ्रेड वेर्नर यांनी १८९३ मध्ये मांडलेल्या सिद्धान्ताने झाला, आणि त्यानंतरही सत्तर वर्षे हा पिवळा पदार्थ केवळ पाठ्यपुस्तकातील उदाहरण म्हणून राहिला. अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग हे विद्युतक्षेत्राचा पेशीविभाजनावर काय परिणाम होतो हे पाहत होते, आणि त्यासाठी त्यांनी जिवाणूंच्या द्रवात प्लॅटिनमचे विद्युतअग्र बसवले होते, कारण प्लॅटिनम कशाशीही सहजी अभिक्रिया करत नाही असा सर्वसाधारण समज होता. वीजप्रवाह चालू होताच ई. कोलाय जातीचे जिवाणू विभागणे थांबले, मात्र त्यांची वाढ चालूच राहिल्याने ते नेहमीच्या लांबीच्या कित्येक पट, सुमारे तीनशे पटींपर्यंत, लांब तंतू झाले. हा परिणाम विजेचा नसून विद्युतअग्रातून अत्यल्प प्रमाणात विरघळलेल्या आणि द्रवातील अमोनिया व क्लोराइड यांच्याशी संयोग पावलेल्या प्लॅटिनमचा आहे, हे ओळखायला रोझेनबर्ग आणि त्यांच्या सहकारी लोरेटा व्हॅन कॅम्प यांना पुष्कळ काम करावे लागले. १९६५ मध्ये जिवाणूंवरील निरीक्षण प्रसिद्ध झाले, १९६९ मध्ये उंदरांतील सार्कोमा-१८० या गाठीवर प्लॅटिनमची संकुले परिणामकारक असल्याचे जाहीर झाले, १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाला ते औषध दिले गेले आणि १९७८ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली.

या तारखांच्या मधल्या काळात हे औषध जवळजवळ टाकून दिले जाणार होते, ही गोष्ट पारखीच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. पहिल्या रुग्णांत ओकाऱ्या असह्य होत्या, कानाची श्रवणशक्ती कमी होत होती आणि मूत्रपिंडे निकामी होत होती. औषधाआधी आणि नंतर शिरेतून भरपूर सलाइन द्यावे आणि मॅनिटॉलने लघवीचे प्रमाण वाढवावे, म्हणजे मूत्रपिंडे बऱ्याच अंशी वाचतात, हे १९७७ च्या सुमारास स्पष्ट झाले, आणि तेव्हा कुठे पूर्ण मात्रा देणे शक्य झाले. इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी १९७४ पासून अंडकोशाच्या कर्करोगात हे औषध इतर दोन औषधांच्या जोडीने दिले, आणि शरीरभर पसरल्यावर ज्या रोगातून क्वचितच कोणी वाचत असे, त्यातून तरुण रुग्णांपैकी बहुसंख्य बरे होऊ लागले. पेशीवर आणि उंदरावर उत्तम ठरलेले संयुग केवळ पाणी कसे द्यावे हे ठाऊक नसल्यामुळे हातचे गेले असते.

सिस्प्लॅटिनची कार्यपद्धती समजली की पुढच्या सर्व संकुलांची पारख कशावर अवलंबून आहे तेही समजते. त्याच्या मध्यभागी प्लॅटिनमचा अणू असून चौरसाच्या चार कोपऱ्यांप्रमाणे त्याला दोन अमोनिया आणि दोन क्लोराइड जोडलेले असतात, आणि दोन्ही क्लोराइड एकाच बाजूला असतात. तेच घटक परस्परांच्या समोरासमोर बसवले तर तयार होणारे ट्रान्सप्लॅटिन हे औषध म्हणून निरुपयोगी ठरते. रक्तात क्लोराइडचे प्रमाण लिटरला सुमारे १०० मिलिमोल इतके असल्याने औषध तेथे बहुतांशी अखंड राहते. पेशीच्या आत हे प्रमाण पुष्कळच कमी असल्याने क्लोराइड सुटून त्यांच्या जागी पाण्याचे रेणू येतात, आणि अशा रीतीने मोकळा झालेला प्लॅटिनम डीएनएमधील ग्वानिन या घटकातील नायट्रोजनला घट्ट धरतो. शेजारशेजारच्या दोन ग्वानिनांना त्याने एकदम पकडले की डीएनएची शिडी त्या जागी वाकते, तिची प्रत काढण्याचे काम अडते, दुरुस्ती करणाऱ्या यंत्रणेलाही तो भाग सहज हाती लागत नाही, आणि अखेर पेशी स्वतःच्या मरणाची प्रक्रिया सुरू करते. म्हणजे बाटलीतला रेणू हा खरे तर औषधाचा आधीचा अवतार असतो व त्याचे औषध पेशीत शिरल्यावर बनते.

पुढे कार्बोप्लॅटिन आले, ज्याचा मूत्रपिंडांना होणारा त्रास कमी पण रक्तपेशींवरील परिणाम अधिक आहे. आणि जपानमधील नागोया येथे योशिनोरी किदानी यांच्या गटाने १९७६ मध्ये तयार केलेले ऑक्सॅलिप्लॅटिन मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी रूढ झाले. याखेरीज इतर धातूंकडे वळण्याची कारणे दोन होती. पहिले कारण म्हणजे काही गाठी प्लॅटिनमला दाद देत नाहीत किंवा काही काळाने देईनाशा होतात. दुसरे असे की तांबे, लोह, जस्त हे धातू शरीराला परिचित असल्याने त्यांचा त्रास कमी होईल अशी आशा होती. ही दुसरी आशा मात्र जपून धरावी लागते, कारण तांबे शरीराला लागते ते अत्यल्प प्रमाणात आणि प्रथिनांच्या कडक बंदोबस्तात. मोकळे तांबे निरोगी पेशीलाही तितकेच घातक असते.

या दिशेने महाराष्ट्रात झालेल्या कामात पुण्याचे रसायनशास्त्रज्ञ सुभाष पाध्ये यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. पुणे विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात काम करताना त्यांनी जॉर्ज कॉफमन यांच्यासह १९८५ मध्ये सेमिकार्बाझोन आणि थायोसेमिकार्बाझोन या लिगंडांच्या धातुसंकुलांचा जो विस्तृत आढावा लिहिला, तो या विषयात काम करणाऱ्यांना आजही संदर्भासाठी लागतो. थायोसेमिकार्बाझोन हे गंधक आणि नायट्रोजन या दोन्ही अणूंनी धातूला चिमट्याप्रमाणे पकडणारे रेणू असून, पेशीला नवा डीएनए बनवण्यासाठी लागणारे एक लोहयुक्त विकर ते निष्प्रभ करू शकतात. पाध्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अशा एका लिगंडाची संकुले स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर तपासून प्रसिद्ध केली. नंतर पुण्याच्या आबेदा इनामदार महाविद्यालयातून आणि अमेरिकेतील डेट्रॉइट येथील संशोधकांबरोबर त्यांनी हळदीतील कर्क्युमिनमध्ये फ्लोरीन घालून बनवलेल्या रेणूंवर आणि त्यांच्या तांब्याच्या संकुलांवर काम केले. कर्क्युमिन पोटातून रक्तात फारसे पोचत नाही आणि पोचले तरी लवकर नष्ट होते, ही त्याची मूळ अडचण आहे, आणि तिच्यावर रसायनशास्त्राने काय करता येईल हा त्या कामामागील विचार होता. स्वयंपाकघरातील हळद खाऊन तोच परिणाम मिळेल असा अर्थ त्यातून काढता येत नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे.

संकुल तयार झाले, त्याची रचना क्ष-किरणांनी आणि अन्य साधनांनी निश्चित झाली, की ते पेशींवर घालून पाहण्याची वेळ येते. यासाठी ‘सेल लाइन’ लागतात, म्हणजे एखाद्या रुग्णाच्या गाठीतून घेतलेल्या आणि काचपात्रात पिढ्यानपिढ्या वाढत ठेवलेल्या पेशी. त्यांतील सर्वांत जुनी आणि प्रसिद्ध हेला ही मालिका १९५१ मध्ये बाल्टिमोर येथे हेनरिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून, तिची संमती न घेता, सुरू झाली. भारतात अशा पेशींचे राष्ट्रीय भांडार पुणे विद्यापीठाच्या परिसरातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात असून, देशभरच्या प्रयोगशाळा स्तनाच्या कर्करोगाची एमसीएफ-७, फुप्फुसाची ए-५४९ अशा मालिका तेथून मागवतात. पेशी कोणत्या आहेत याची खात्री करणे हे दिसते तितके क्षुल्लक नाही, कारण वेगाने वाढणाऱ्या हेला पेशी दुसऱ्या पात्रात शिरून मूळ पेशींची जागा घेतात आणि वर्षानुवर्षे चुकीच्या नावाने तपासल्या जातात, असे जगभर घडलेले आहे.

चाचणी पाहायची तर नवी मुंबईतील खारघर येथे टाटा मेमोरियल सेंटरचे अ‍ॅक्ट्रेक हे संशोधन केंद्र आहे. तेथील कर्करोगविरोधी औषधांच्या चाचणीच्या सुविधेकडे देशातील विद्यापीठे आणि महाविद्यालये आपली संयुगे पाठवतात, आणि धातुसंकुलांवरील अनेक भारतीय शोधनिबंधांतील आकडे तेथूनच आलेले असतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९० मध्ये रूढ केलेली सल्फोरोडामिन-बी ही चाचणी तेथे वापरली जाते. शहाण्णव खळग्यांच्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये ठरावीक संख्येने पेशी घालून त्यांना एक दिवस स्थिर होऊ दिले जाते, मग मिलिलिटरला १०, २०, ४० आणि ८० मायक्रोग्रॅम अशा चढत्या मात्रांत संयुग घालून प्लेट दोन दिवस उबदार पेटीत ठेवतात, त्यानंतर थंड ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक आम्लाने पेशी तळाशी घट्ट बसवतात, आणि मग त्यांना चक्क रंगवतात. सल्फोरोडामिन-बी हा लालभडक ‘अ‍ॅसिड डाय’ आहे. सौम्य अ‍ॅसेटिक आम्लात प्रथिनांवरील अमिनो गट धनप्रभारित होतात आणि रंगरेणूवरील ऋणप्रभारित सल्फोनेट गट त्यांना चिकटतात. रेशीम, लोकर किंवा नायलॉन रंगवताना डाइंग मास्टर बाथमध्ये अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड घालतो ते याच तत्त्वावर. पांडेसरा येथे सर्वाधिक रंगवले जाणारे पॉलिएस्टर मात्र अमिनो गट नसल्याने या रंगाला दाद देत नाही आणि त्यासाठी डिस्पर्स रंग व सुमारे १३० अंश तापमानाचे जेट मशीन लागते. न चिकटलेला रंग धुऊन काढला, चिकटलेला रंग अल्कलीने विरघळवला आणि त्या द्रावणातून ५४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश किती अडतो ते मोजले, की प्रत्येक खळग्यात पेशींचे प्रथिन किती उरले ते कळते. मेलेल्या पेशी सुटून वाहून गेलेल्या असल्याने फिका खळगा म्हणजे परिणामकारक मात्रा असे साधारणपणे मानले जाते.

या मोजमापातून तीन आकडे निघतात. पेशींची वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा, वाढ पूर्ण थांबवणारी मात्रा आणि सुरुवातीला होत्या त्यांपैकी निम्म्या पेशी मारणारी मात्रा हे ते तीन आकडे होत, आणि ते काढता यावेत म्हणून संयुग घालण्याच्या क्षणी किती पेशी होत्या हे पाहण्यासाठी एक प्लेट आधीच रंगवून ठेवलेली असते. वाढ थांबवणे आणि पेशी मारणे यांतील फरक यामुळे उघड होतो, आणि बातम्यांत तो हमखास पुसला जातो. प्रत्येक प्लेटवर अ‍ॅड्रियामायसिन हे प्रस्थापित औषधही तुलनेसाठी असते. शुद्ध संयुगाने मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेत वाढ निम्म्यावर आणली तरच त्याला क्रियाशील म्हणण्याची रीत आहे. धातुसंकुलांवरील निबंध वाचताना अ‍ॅड्रियामायसिनच्या रेषेकडे आधी पाहावे, कारण पुष्कळदा नव्या संकुलाची रेषा तिच्या बरीच वर, म्हणजे कमकुवत, असूनही निष्कर्षात ‘आशादायक’ हा शब्द येतो.

धातूंच्या बाबतीत या चाचणीत काही खास खाचखळगे आहेत. बहुतेक संकुले पाण्यात विरघळत नाहीत म्हणून ती डायमिथाइल सल्फॉक्साइड या द्रावकात विरघळवून पेशींवर घातली जातात, परंतु त्या द्रावकातील गंधकाचा अणू स्वतःच प्लॅटिनमला पकडतो आणि सिस्प्लॅटिन निष्प्रभ करतो. हे रासायनिक ज्ञान जुने असूनही २०१४ मध्ये यावर सविस्तर निबंध प्रसिद्ध करून संशोधकांना सावध करावे लागले, कारण त्या द्रावकात तपासलेले सिस्प्लॅटिन दुबळे दिसते आणि त्याच्या शेजारी नवे संकुल विनाकारण श्रेष्ठ ठरते. दुसरी अडचण अशी की पेशींच्या पोषकद्रवात अल्ब्युमिन, सिस्टिन, हिस्टिडिन असे धातूला ओढून घेणारे अनेक रेणू असतात. बाटलीतून टाकलेले संकुल काही मिनिटांत सुटे होऊन परिणाम प्रत्यक्षात मोकळ्या लिगंडाचा किंवा मोकळ्या तांब्याचा असू शकतो, आणि म्हणून लिगंड एकटा, धातूचे साधे क्षार एकटे आणि त्या दोहोंचे संकुल अशा तिन्ही चाचण्या शेजारीशेजारी केल्याखेरीज संकुलाला श्रेय देता येत नाही. तिसरी अडचण रंगाचीच आहे. अनेक धातुसंकुले मुळातच गडद रंगाची असतात आणि मोजल्या जाणाऱ्या प्रकाशात स्वतःचा वाटा मिसळतात. एमटीटी नावाच्या दुसऱ्या लोकप्रिय चाचणीत जिवंत पेशी पिवळ्या पदार्थाचे जांभळ्यात रूपांतर करतात, तेथे काही धातुसंयुगे पेशीच्या मदतीवाचूनही ती अभिक्रिया घडवू शकतात किंवा तिच्यात ढवळाढवळ करू शकतात. या सगळ्यानंतरही निरोगी पेशींवर तेच संकुल तितकेच घातक आहे का हे पाहायचे राहते, कारण खळग्यातील कर्करोगाच्या पेशी तीव्र आम्लानेही मरतात आणि तेवढ्याने आम्ल औषध ठरत नाही.

गुजरातमध्ये वल्लभ विद्यानगर येथील सरदार पटेल विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातून तांबे, पॅलेडियम, प्लॅटिनम यांची संकुले बनवून ती डीएनएला कशी चिकटतात, वर्तुळाकार जिवाणू-डीएनए कसा तोडतात आणि आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील इवल्या जलचराच्या पिलांना किती मात्रेत मारतात यांचा अभ्यास दीर्घकाळ झाला आहे. मोठ्या पेशी-प्रयोगशाळा नसलेल्या विभागांना अशी प्राथमिक चाचणी परवडते आणि विद्यार्थी त्यातून शिस्त शिकतात, ही तिची खरी किंमत आहे. कर्करोगाविषयी ती फारच थोडे सांगते.

पेशीनंतर प्राणी येतो. उंदरात मानवी गाठ रुजवून किंवा उंदराच्याच गाठीवर औषध देऊन गाठ किती आकसते, वजन किती घटते, यकृत व मूत्रपिंडे काय सांगतात हे पाहिले जाते, आणि त्यासाठी भारतात प्राण्यांवरील प्रयोगांच्या नैतिक समितीची संमती लागते. खळग्यात संयुग पेशीभोवती दोन दिवस सतत असते. प्राण्यात ते रक्तातील प्रथिनांना चिकटते, यकृतात बदलते, लघवीवाटे जाते आणि गाठीपर्यंत त्याचा एक छोटा अंश पोचतो, म्हणून बहुसंख्य संकुले या पायरीवर गळतात. माणसावरील चाचण्यांसाठी २०१९ च्या नव्या औषध व चिकित्सालयीन चाचणी नियमांनुसार केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी आणि चाचणीची राष्ट्रीय नोंदवहीत आधीच नोंद आवश्यक असते. ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि कोणालाही ती पाहता येते.

प्लॅटिनमखेरीज इतर संक्रमण धातूंचा या टप्प्यावरचा इतिहास खडतर आहे. टायटॅनियमचे ब्युडोटिटेन हे १९८० च्या दशकात माणसापर्यंत पोचलेले पहिले प्लॅटिनमेतर संकुल पाण्यात टिकत नसल्याने मागे पडले. रुथेनियमचे नामी-ए हे मूळ गाठीपेक्षा रोगाच्या प्रसारावर परिणाम करते अशी प्राण्यांत मोठी आशा होती, परंतु फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांत ते अपुरे ठरले. पाध्ये यांच्या विषयाशी जवळचे नाते असलेले ट्रायापिन हे थायोसेमिकार्बाझोन गर्भाशयमुखाच्या कर्करोगात सिस्प्लॅटिन व रेडिएशनच्या जोडीला देऊन मोठ्या चाचणीत तपासले गेले, आणि २०२३ मध्ये जाहीर झालेल्या निकालांत त्याने रुग्णांचे आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. अर्सेनिकची गोष्ट वेगळी आहे. चीनमधील हार्बिन येथील डॉक्टरांच्या १९७० च्या दशकातील कामातून पुढे आलेले अर्सेनिक ट्रायऑक्साइड रक्ताच्या कर्करोगाच्या एका विशिष्ट प्रकारात फार परिणामकारक ठरले आणि २००० मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. मात्र ते रुग्णालयात, हृदयाच्या ठोक्यांवर आणि रक्तातील क्षारांवर लक्ष ठेवून, शिरेतून दिले जाते, आणि सोमल म्हणून बाजारात मिळणारा पदार्थ घरी घेणे हा त्या उपचाराचा कोणताही प्रकार नाही.

महाराष्ट्रातील सर्वांत अलीकडचे आणि सर्वाधिक गाजलेले उदाहरण खारघरचेच आहे. अ‍ॅक्ट्रेकमध्ये डॉ. इंद्रनील मित्रा यांचा गट पुष्कळ वर्षे असे मांडत आला आहे की मरणाऱ्या पेशींतून सुटलेले क्रोमॅटिनचे, म्हणजे डीएनए व प्रथिने यांचे, सूक्ष्म कण निरोगी पेशींत शिरून त्यांच्या डीएनएला इजा करतात, आणि केमोथेरपीचा काही त्रास व रोगाचा फैलाव यांमागे हे कण असू शकतात. द्राक्षांत आढळणारे रेस्व्हेराट्रॉल आणि अत्यल्प तांबे एकत्र आले की ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू तयार होतात आणि ते हे कण नष्ट करतात, अशी या उपचारामागील कल्पना असून, त्यात रेस्व्हेराट्रॉल काही मिलिग्रॅम तर तांबे नॅनोग्रॅमच्या मापात असते. उंदरांवरील प्रयोगांनंतर या गटाने मोजक्या रुग्णांवर अभ्यास केले, ज्यांत उच्च मात्रेच्या केमोथेरपीनंतर तोंडात उठणाऱ्या व्रणांची तीव्रता कमी झाल्याचे आढळले, आणि तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी थोडे दिवस हे मिश्रण देऊन गाठीतील काही खुणा बदलल्याचे नोंदले गेले. २०२४ च्या फेब्रुवारीत मात्र सुमारे शंभर रुपयांच्या गोळीने कर्करोगाची पुनरावृत्ती रोखता येईल अशी बातमी देशभर पसरली, आणि ती गोळी अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या मान्यतेची वाट पाहत असल्याचे सांगण्यात आले. पुनरावृत्ती टळते हे दाखवणारी, पुरेशा रुग्णांची, तुलनागट असलेली चाचणी त्या वेळी प्रसिद्ध झालेली नव्हती, आणि अन्नपूरक म्हणून मिळणारी मान्यता ही औषधाच्या गुणाची साक्ष नसते, असा आक्षेप अनेक कर्करोगतज्ज्ञांनी घेतला. तो आक्षेप रास्त होता. कल्पना नवी आहे, स्वस्त आहे आणि खरी ठरली तर भारतासारख्या देशात तिचे मोल अपार असेल, म्हणूनच तिच्या वाट्याला घाईची प्रसिद्धी येण्याऐवजी कठोर तुलना यायला हवी होती. दूरच्या गावांतून व औद्योगिक वस्त्यांतून लोक त्या बातमीनंतर ती गोळी शोधू लागतात, आणि त्यांच्या आशेची जबाबदारी बातमी देणाऱ्यांवर असते.

कठोर तुलना म्हणजे काय याचा नमुना त्याच संस्थेने याआधी घालून दिलेला आहे. डोके व मानेच्या कर्करोगात रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिन दर तीन आठवड्यांनी शरीरपृष्ठाच्या चौरस मीटरला १०० मिलिग्रॅम द्यावे, असा आंतरराष्ट्रीय संकेत होता. परंतु त्यासाठी पुष्कळ सलाइन आणि देखरेख लागते, तेव्हा भारतात अनेक ठिकाणी दर आठवड्याला ३० मिलिग्रॅम देण्याचा प्रघात पडला. टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी ३०० रुग्णांना डॉक्टरच्या किंवा रुग्णाच्या पसंतीवर न सोडता, यादृच्छिक पद्धतीने, या दोन गटांत विभागले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार दोन वर्षांनंतर साप्ताहिक गटात ५८.५ टक्के तर तीन आठवड्यांच्या गटात ७३.१ टक्के रुग्णांत मूळ जागी व मानेत रोग आटोक्यात होता, आणि तीव्र त्रासाचे प्रमाण अनुक्रमे ७१.६ व ८४.६ टक्के होते. वर्षानुवर्षे सोयीने चाललेल्या प्रघातापेक्षा अधिक त्रासाची मात्रा रोग अधिक चांगला रोखते, हे अशा रीतीने प्रथमच आकड्यांत पुढे आले. त्यानंतर २०२२ मध्ये जपानमधील एका चाचणीत शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांना दर आठवड्याला ४० मिलिग्रॅम दिल्यास ते तीन आठवड्यांच्या मात्रेपेक्षा कमी ठरत नाही असे दिसले, म्हणजे मान्यता मिळून चाळीस वर्षे उलटलेल्या औषधाचीही पारख अजून चालू आहे.

त्याच औषधावर जग किती अवलंबून आहे ते २०२३ मध्ये दिसले. अमेरिकेतील सिस्प्लॅटिनच्या पुरवठ्यापैकी जवळपास निम्मा वाटा उचलणाऱ्या अहमदाबादजवळील एका कारखान्यात गुणवत्तेच्या नोंदींविषयी गंभीर त्रुटी अमेरिकी तपासनिसांना आढळल्या आणि उत्पादन थांबले. काही महिन्यांत कार्बोप्लॅटिनही दुर्मीळ झाले, आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात अमेरिकेतील सत्तावीस मोठ्या कर्करोग केंद्रांच्या पाहणीत ९३ टक्के केंद्रांना कार्बोप्लॅटिनचा आणि ७० टक्के केंद्रांना सिस्प्लॅटिनचा तुटवडा जाणवत होता. डॉक्टरांना कोणत्या रुग्णाला आधी औषध द्यायचे हे ठरवावे लागले, आणि अमेरिकी प्रशासनाने चीनमधील एका कंपनीच्या सिस्प्लॅटिनला तात्पुरता प्रवेश दिला. अर्धशतकात तयार झालेल्या आणि तपासल्या गेलेल्या हजारो धातुसंकुलांपैकी त्या रुग्णांसाठी पर्याय म्हणून पुढे करता येईल असे एकही प्लॅटिनमेतर संकुल तेव्हा उपलब्ध नव्हते.